नवरा परत लांबच्या तैनातीवर चाललाय, घरातलं टेन्शन त्याला सांगायचं की नाही?

वाट_बघतेय:

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस इथलं नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. नवरा सैन्यात आहे आणि पुढच्या महिन्यात परत जातोय, फॅमिली नेता येत नाही अशा ठिकाणी. किती दिवस ते नक्की नाही, वर्षभर धरून चल म्हणालाय. आधीही गेलाय त्यामुळे "तुला काय, सवय आहे" असं जो तो म्हणतो आणि तेच मला सगळ्यात जास्त लागतं. सवय वगैरे काही होत नाही हो. पहिल्या वेळी पुढे काय वाढून ठेवलंय ते माहीत नव्हतं, आता सगळं माहीत आहे एवढाच फरक.

ऑर्डर आल्यापासून घरात विचित्र चाललंय. बॅगेत काय भरायचं, कुठल्या कागदावर सही राहिली, फोन चार्जिंगला कोणी लावला नाही, कशावरूनही आमची वाजते. तो गप्प गप्प असतो, युनिटमधल्या मित्रांशी तासन्‌तास बोलतो आणि माझ्याशी जेवढ्यास तेवढं. मला वाटतं उरलेले दिवस तरी नीट घालवूया आणि पुढच्याच क्षणी मनात येतं की जा बाबा एकदाचा, हे जाणार जाणार तरी संपेल. असं मनात आलं की मग रडूच येतं. आमच्याकडेच होतं का हे सगळं?

पण खरा प्रश्न वेगळा आहे. मागच्या वेळी तो तिकडे असताना सासऱ्यांना अचानक ॲडमिट करावं लागलं. घरात सगळ्यांनी ठरवलं की त्याला कळवायचं नाही, तिकडे त्याचं लक्ष उडेल, काही कमीजास्त झालं तर. मग रोज फोनवर "सगळं मजेत" म्हणायचं आणि फोन ठेवला की माझे हातपाय गळायचे. बाबा बरे होऊन घरी आले, सगळं नीट झालं, पण सुट्टीवर आल्यावर त्याला ते दुसऱ्याच कोणाकडून तरी कळलं. तो चिडला नाही, नुसता बसून राहिला. तेव्हापासून मी काहीही सांगितलं की "खरं सांग" असं दोनदा विचारतो. आता परत तेच दिवस येणार. सासूबाई अजूनही म्हणतात की सैनिकाला घरच्या काळज्या कळवायच्या नसतात. त्यांनी स्वतः आयुष्यभर तेच केलंय, त्यामुळे त्यांना काही बोलवतही नाही.

अजून एक म्हणजे मुलगा सहा वर्षांचा आहे. मागच्या वेळी थोड्या दिवसांनी त्याने बाबाशी फोनवर बोलणंच बंद केलं. फोन दिला की पळून जायचा. आणि माझी झोप, तिचं तर बोलायलाच नको. एखाद्या दिवशी फोन आला नाही की रात्रभर बातम्या लावून बसायचे.

ज्यांनी हे काढलंय त्यांनी प्लीज सांगा. "खंबीर राहा" एवढं मात्र नका लिहू.

जुनी_छावणी:

ताई, सगळ्यात आधी भांडणांबद्दल, कारण तुम्ही आत्ता त्यात आहात. तुमच्याकडेच नाही, जवळजवळ प्रत्येक घरात होतं. अमेरिकन नौदलातल्या कुटुंबांबद्दल कॅथलीन लोगन म्हणून एका बाईंनी 1987 मध्ये लिहून ठेवलंय, तैनातीच्या आधीपासून ते परत आल्यानंतरपर्यंत मनाचे सात टप्पे सांगितलेत त्यांनी. त्यातला दुसरा टप्पा म्हणजे निघायच्या अगदी आधीचे दिवस, दोघंही मनाने एकमेकांपासून लांब जायला लागतात, तो मनाने तिकडे पोचलेला असतो आणि ही इकडे एकटीने जगायची तयारी करत असते. "जायचंय तर जा एकदाचा" हे सुद्धा त्या टप्प्यात बहुतेकींच्या मनात येतं. मला हे वाचायला मिळालं तेव्हा माझी बरीच वर्षं यातच गेली होती, आणि इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. प्रेम आटलंय म्हणून ही भांडणं होत नाहीत. ज्याच्यावर रुसलोय त्याला निरोप देणं जरा सोपं जातं, म्हणून मन आधीच रुसवा तयार करून ठेवतं. निदान मला तरी ते असंच दिसतं.

हे नवऱ्याला बोलून दाखवा. फार चर्चा नको, एवढंच म्हणा की आपण भांडतोय कारण तू जाणार आहेस, टॉवेलवरून नाही भांडत आहोत. आमच्याकडे हे वाक्य खूप कामाला आलं. भांडण व्हायचंच, पण रात्रीपर्यंत राहायचं नाही.

दुसरं म्हणजे कागदपत्रांची कामं शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. बँक, विमा, नॉमिनी, मुखत्यारपत्र, गाडीचे कागद, शाळेच्या फॉर्मवर कोणाची सही चालते, पासवर्ड, मृत्युपत्र सुद्धा. मृत्युपत्राचं नाव काढलं की घरातले अशुभ बोलू नको म्हणतात, त्यांना म्हणू द्या, एका बैठकीत बसून संपवून टाका. ते काम शेवटी शेवटी आलं की त्याचा सगळा भार निरोपावर पडतो. आणि शेवटचे दिवस "छान" जायलाच हवेत असा हट्ट पण नको. साधे गेले तरी पुष्कळ.

तो गेल्यावर पहिले काही आठवडे काही सुचत नाही, कपाट उघडं तसंच राहतं, कोणाचा फोन घ्यावासा वाटत नाही. मग हळूहळू घडी बसते. आणि घडी बसली, एखाद्या दिवशी तुम्ही मनापासून हसलात की आपण त्याच्याशिवाय खूश कशा, असं मनात येईल. येऊ दे. तुम्ही खूश असलात म्हणून त्याचं काही कमी होत नाही, उलट त्याला तेच हवं असतं.

एकटा_बाबा:

माझी बायको फोर्समध्ये आहे आणि घरी मुलीसोबत मी असतो, त्यामुळे हे सगळं मला दुसऱ्या बाजूने माहितीये (पुरुषाला कोणी विचारत पण नाही की तू कसा आहेस, असो). सांगायचं की नाही यावर माझं मत तुमच्या सासूबाईंच्या जवळचं आहे. जे तिला तिथून सोडवता येणार नाही ते सांगून मी काय साधणार? मला मोकळं वाटेल आणि ती रात्रभर त्याच विचारात ड्युटी करेल. मुलीला ताप आला तर मी उतरल्यावर सांगतो. लपवणं आणि थांबून सांगणं यात फरक आहे असं मला वाटतं.

निवृत्त_फौजी:

मी बरीच वर्षं नोकरी करून घरी आलेला माणूस आहे, त्यामुळे तिकडच्या बाजूने सांगतो. एकटा_बाबा यांचं थांबून सांगणं मला पटतं, मुलीच्या तापाला ते ठीक आहे. पण ताई जे सांगताहेत ते बाप हॉस्पिटलमध्ये असल्याचं आहे. ते थांबून सांगण्यात बसत नाही.

तिकडे काय होतं ते सांगतो. फोन पाच दहा मिनिटांचा, मागे रांग असते. त्या पाच मिनिटांत आम्ही शब्द ऐकत नाही, आवाज ऐकतो. बायको "सगळं मजेत" म्हणाली आणि आवाज बसलेला असला की झालं, पुढचे दोन दिवस डोक्यात तेच, आणि डोकं जे रचतं ते खऱ्यापेक्षा नेहमी वाईट असतं. आमच्याबरोबर एक मुलगा होता, घरी काहीतरी बिनसलंय एवढंच त्याला जाणवत होतं आणि कोणी काही सांगत नव्हतं, तो जेवायचा पण बंद झाला. शेवटी कळलं ते तसं किरकोळ होतं, पण कळल्यावर त्या रात्री तो झोपला. तुमच्या नवऱ्याचं "खरं सांग" हे त्यातलंच आहे. तो तुमच्यावर संशय घेत नाहीये, त्याला फक्त आता तुमचा आवाज वाचता येईनासा झालाय.

मग सांगायचं कसं. आधी विचारा "आत्ता बोलायला जमेल का". तो लगेच ड्युटीवर निघणार असेल तर तो सांगेल नंतर बोलू, तेवढं कळतं आम्हाला. मग जे झालंय ते सरळ एका वाक्यात, त्यावर काय चाललंय ते दुसऱ्या वाक्यात, आणि त्याच्याकडून काय हवंय ते तिसऱ्या. म्हणजे "बाबांना ॲडमिट केलंय, डॉक्टर म्हणताहेत धोका टळलाय, भाऊजी इथे आहेत, तू काही करायला नकोस फक्त तुला माहीत असावं". एवढं कळलं की माणूस शांत होतो, कारण त्याला त्याची जागा कळते. आणि काहीच करता येत नसलं तरी तुझ्याशी बोलून बरं वाटलं एवढं म्हणा, घरी आपला अजून काही उपयोग आहे हे कळणं तिकडे फार मोठं असतं. जे खरंच गंभीर असेल ते युनिटलाही कळवा, सुट्टीचा विचार व्हायचा असेल तर तिथूनच होतो. नुसतं त्याला कळून तो एकटा तिथे तळमळत बसून उपयोग नाही.

आता फोन न येण्याबद्दल. कित्येकदा सगळ्यांचंच बोलणं बंद असतं. हालचाल होणार असते, हवामान असतं, लाइन नसते, किंवा वरून आदेश असतो. एखादी घटना घडली की ज्याच्या घरी कळवायचं त्याला आधी अधिकृत निरोप जावा म्हणून बाकी सगळ्यांचे फोन काही वेळ बंद ठेवण्याची पद्धत कित्येक सैन्यांत आहे. म्हणजे फोन आला नाही याचा अर्थ फक्त फोन आला नाही एवढाच. आणि वाईट बातमी टीव्हीवरून नाही, ठरलेल्या रस्त्याने येते. म्हणून जाण्याआधी युनिटला तुमचा चालू नंबर, पत्ता आणि जवळच्या एका माणसाचा नंबर दिलाय ना हे त्याच्याकडून पक्कं करून घ्या. आणि त्याला सांगा की "रविवारी फोन करतो" असा शब्द देऊ नकोस, "जमेल तसा करतो" म्हण. दिलेली वेळ चुकली की घर जागं राहतं.

पाणबुडीवाली:

मला यात थोडी भर घालायचीये. पाणबुडीवाल्यांच्या घरी फोन हा प्रकारच नसतो, खाली गेले की गेले. ब्रिटिश नौदलात अणुपाणबुडीवरच्या माणसाला घरून आठवड्याला एक छोटा संदेश पाठवता येतो, पूर्वी 40 शब्दांची मर्यादा होती नंतर 120 पर्यंत वाढवली. तो त्याला उत्तर देऊ शकत नाही, कारण पाणबुडीने काही पाठवलं तर ती कुठे आहे ते कळू शकतं. आणि ते संदेश आधी कोणीतरी वाचतं, वाईट बातमी असेल तर गस्त संपेपर्यंत थांबवतात. ऐकायला क्रूर वाटतं ना? पण तिथे जाणाऱ्याला आणि घरच्यांना हे आधीपासून माहीत असतं. मला त्यातलं हेच महत्त्वाचं वाटतं. कळवायचं की नाही हा निर्णय संकट आल्यावर घाबरलेल्या घराने घ्यायचा नसतो, आधीच झालेला असतो.

तुमच्याकडे फोन आहे म्हणजे तुम्हाला ठरवायला अजून वाव आहे. आम्ही दर वेळी निघण्याआधी बसून बोलायचो की काय झालं तर तुला लगेच कळायला हवंय, काय झालं तर परत आल्यावर चालेल. आणि तो जे म्हणेल ते लिहून ठेवायचे. एकदा तर तो अशा गोष्टीला "लगेच" म्हणाला जी मला अगदी फुटकळ वाटत होती आणि ज्याला मी लगेच म्हणणार होते त्याला म्हणाला की नको, आल्यावर सांग. म्हणजे आपण मनाने ठरवत होतो ते सगळं आपल्याच भीतीवरून. तुमच्या सासूबाईंना पण मग तुम्ही सांगू शकता की हे त्यानेच ठरवलंय. मुलाचा शब्द म्हटलं की त्यांनाही वाईट वाटणार नाही आणि तुम्ही पण मधे अडकणार नाही.

मनमोकळं:

मी समुपदेशनाचं काम करते, सैनिकांच्या कुटुंबांसोबतही केलंय. वर सगळ्यांनी छान लिहिलंय, मी दोनतीन गोष्टींवरच बोलते.

लपवण्याबद्दल. जोडीदाराला त्रास नको म्हणून काळजी गिळून टाकायची आणि वरवर हसत राहायचं, यावर अभ्यास झालाय. जेम्स कॉइन आणि डेव्हिड स्मिथ यांनी 1991 मध्ये हार्ट अटॅक आलेल्या पुरुषांच्या बायकांचा अभ्यास केला होता. ज्या बायका नवऱ्यापासून आपली काळजी जास्त लपवत होत्या त्यांचा स्वतःचा मानसिक त्रास जास्त होता. परिस्थिती वेगळी आहे, मान्य, पण फोन ठेवल्यावर तुमचे हातपाय गळायचे ना, ते याच जातीचं आहे. म्हणून एकटा_बाबा, तुम्हालाही सांगते, तिला लगेच सांगायचं नसेल तर नका सांगू, पण दुसऱ्या कोणाला तरी त्याच दिवशी सांगा. भाऊ, मित्र, तिच्या युनिटमधल्या दुसऱ्या कोणाच्या घरचं माणूस, कोणीही. तुम्ही कंसात लिहून सोडून दिलंत ना की कोणी विचारत नाही, ते मला कंसातलं वाटलं नाही.

ताई, तुम्हाला सवय का होत नाही याचंही एक कारण आहे. पॉलिन बॉस या संशोधक बाईंनी 1970 च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांवर काम केलं. माणूस शरीराने घरात नाही पण मनाने प्रत्येक खोलीत आहे, अशा अवस्थेत दुःख करावं की वाट बघावी हे मनाला ठरवता येत नाही आणि ते अडकून पडतं, असं त्यांनी मांडलं. तुमचा नवरा बेपत्ता नाही, देवाच्या दयेने सुखरूप आहे, पण फोन न आलेल्या रात्री तुमचं मन त्याच अवस्थेत जातं. मनाचा कमकुवतपणा नाही हा. तिथे "सगळं ठीक होईल" हे स्वतःला पटवत बसू नका, ते पटत नाही. त्यापेक्षा "मला आत्ता माहीत नाही आणि आज रात्री कळणारही नाही" हे म्हणून बघा. बऱ्याच जणींना त्याने उलट शांत वाटतं.

झोपेसाठी, बातम्या दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी, आणि झोपायच्या बऱ्याच आधी. टीव्हीवर तेच तेच फिरत असतं आणि शरीराला ते दर वेळी नवीन संकट वाटतं. अंथरुणात पडून वीसेक मिनिटं झाली आणि झोप नाही आली तर उठून दुसरीकडे बसा, मंद उजेडात काहीतरी साधं करा, डोळे जड झाले की परत या. अंथरुणात तळमळत राहिलं की मेंदू अंथरुणालाच घाबरायला लागतो. दुपारनंतर कॅफीन नको, शरीरातलं अर्धं कमी व्हायलाच साधारण 5 तास जातात. श्वास सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावा, काही मिनिटं, छातीतली धडधड त्याने खरंच उतरते.

आणि हे नीट वाचा. सलग दोन आठवडे जवळपास रोज मन उदास आहे, कशातच रस नाही, झोप भूक गेलीये, घरातली नेहमीची कामं जमत नाहीयेत, असं झालं तर "तो आला की बरं होईल" म्हणून थांबू नका, डॉक्टरांकडे जा. मरणाचे विचार यायला लागले तर त्याच दिवशी, कोणाला तरी सोबत घेऊन. नवरा लांब आहे म्हणून आपण आजारी पडायचं नाही असा नियम कोणी केलेला नाही.

फौजीची_लेक:

मुलाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितेय, कारण फोन दिला की पळून जाणारी मुलगी मीच होते.

मला बाबांचा राग नव्हता. फोन आला की सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे, बोल ना, बाबा विचारतात अभ्यास झाला का, सांग ना तुला आठवण येते. एवढ्या लोकांसमोर काय बोलणार? आणि फोन ठेवला की आई रडायची. मला वाटायचं फोनमुळे आई रडते, म्हणजे फोन वाईट. सहा वर्षांच्या मुलाचं गणित एवढंच असतं.

आमच्याकडे नंतर बदललं ते असं की बाबांनी प्रश्न विचारणं बंद केलं आणि स्वतःचं सांगायला लागले. आज इथे एक कुत्रा येऊन बसला, त्याचा एक कान असा आहे. मग मी विचारायचे की दुसरा कान कसा आहे. तुमच्या नवऱ्याला हे सांगून ठेवा. मुलगा फोनवर नाही आला तरी स्पीकर लावून ठेवा, तो लांबून ऐकत असतो. आणि जाण्याआधी त्याच्या आवाजात गोष्टी रेकॉर्ड करून ठेवा, पुस्तक हातात धरून वाचतानाचा व्हिडिओ. अमेरिकेत 1989 पासून एक संस्था फक्त हेच काम करते, सैनिक आईबाबांचं गोष्ट वाचतानाचं रेकॉर्डिंग करून घरी पाठवते. तुमच्याकडे तर मोबाईलवर एका संध्याकाळी होईल. नेटवर्क लागो न लागो, मुलाला पाहिजे तेव्हा बाबा मिळतो.

एक कळकळीची विनंती आहे. निघताना "आता घरातला मोठा माणूस तू, आईला सांभाळ" हे त्याला कोणीही म्हणू नका. प्रेमाने म्हणतात, मला माहितीये, माझ्या भावाला म्हणाले होते. तो रात्री उठून दाराची कडी तपासायचा. आणि बाबा कधी येणार यावर तारीख नका सांगू, तारखा बदलतात. "पावसाळा संपल्यावर कधीतरी" इतपत सांगा.

मनमोकळं:

हे अगदी खरं. अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेचा 2010 मध्ये छापून आलेला एक अभ्यास आहे, सैनिकांच्या 11 ते 17 वयाच्या मुलांवरचा. त्यात मुलांच्या अडचणींचा संबंध दोन गोष्टींशी दिसला, पालक एकूण किती महिने लांब होता आणि घरी राहिलेल्या पालकाचं मन कसं होतं. पहिली गोष्ट आपल्या हातात नाही. दुसरी थोडी तरी आहे. तुम्ही स्वतःसाठी डॉक्टरकडे गेलात, झोपलात, मैत्रिणीकडे गेलात तर ते मुलासाठी पण होतं.

वाट_बघतेय:

सगळ्यांना काय म्हणू कळत नाहीये. फौजीची_लेक, तुमचं वाचून मी उठून बाहेर जाऊन आले.

काल रात्री त्याच्याशी बोलले. पाणबुडीवाली ताईंनी सांगितलं तसं वही घेऊन बसलो. तो म्हणाला आईबाबांचं दुखणं, मुलाचं काहीही मोठं, आणि तू स्वतः आजारी असलीस तर लगेच. नातेवाइकांची भांडणं, घरमालकाची कटकट, पैशाचं छोटंमोठं, आल्यावर. मग थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला की मागच्या वेळी बाबांचं कळल्यावर मला वाटलं की घराने मला काढूनच टाकलंय. हे त्याने आजवर कधीच सांगितलं नव्हतं. सासूबाई दारात होत्या, त्यांनी ऐकलं. काही बोलल्या नाहीत, पण आज सकाळी मला म्हणाल्या की त्याने काय काय लिहून दिलंय ते मलाही वाचून दाखव.

गोष्टींचे व्हिडिओ शनिवारी करणार आहोत, मुलाने पुस्तकं आत्ताच निवडून ठेवलीत.

शेवटचं एक विचारते. तो परत येतो ते दिवस मला सगळ्यात अवघड जातात आणि हे कोणाला सांगताच येत नाही, कारण सगळे म्हणतात आता काय, आता तर खूश असायला हवं. तो येतो आणि घरात पाहुण्यासारखा वावरतो, किंवा एकदम सगळं बदलायला निघतो, मुलाला कशावरून तरी ओरडतो. त्याचं काय करायचं?

निवृत्त_फौजी:

ताई हे विचारलंत ते फार बरं केलंत, ह्यावर कोणी बोलत नाही. रूबेन हिल म्हणून समाजशास्त्रज्ञ होते, दुसऱ्या महायुद्धातल्या कुटुंबांचा अभ्यास त्यांनी 1949 मध्ये मांडला, त्यात त्यांनी माणूस जाणं आणि माणूस परत येणं अशी दोन वेगळी संकटं धरली होती. परत येणं सुद्धा संकट. म्हणजे तुम्हाला जे होतं ते आजचं नाही.

आमच्या बाजूला काय होतं तर शरीर विमानाने येतं आणि मन मागून चालत येतं. व्हिएतनामवरून अमेरिकन सैनिक एकेकटे विमानाने घरी जायचे, लढाईतून एक दोन दिवसांत थेट घरच्या दारात, बोलायला बरोबर कोणी नाही. त्याउलट 1982 मध्ये फॉकलंड बेटांच्या युद्धावरून बरेच ब्रिटिश सैनिक जहाजाने परतले, वाटेत कित्येक दिवस आपल्याच लोकांबरोबर बोलत, झोपत, रडत. नंतर अफगाणिस्तानवरून येताना ब्रिटिशांनी मुद्दाम सायप्रसला थोडा मुक्काम ठेवला, घरी जाण्याआधी माणसाला जरा सैल होऊ दे म्हणून. सगळीकडे असा मुक्काम मिळत नाही. मग तो घरातच द्यावा लागतो.

पहिले काही दिवस घरी गर्दी नको, भेटायला येणाऱ्यांना पुढच्या आठवड्यात बोलवा. त्याला झोपू द्या. दार आपटलं की तो दचकेल, गर्दीत पाठ भिंतीला लावून उभा राहील, त्यावर कोणी हसू नका. मुलाच्या बाबतीत नियम तुमचेच चालू ठेवा आणि त्याला जाण्याआधीच आत्ताच सांगून ठेवा की आल्यावर पहिले काही दिवस मुलाला शिस्त लावायची नाही, फक्त त्याच्याबरोबर खेळायचं. मुलाला पण वेळ लागतो, बाबा फोनमधून बाहेर आलाय हे पचायला. घरातलं एखादं काम मात्र पहिल्याच दिवशी त्याच्या हातात द्या, छोटंसं, शाळेत सोडणं वगैरे. सगळी कामं तुम्ही करत राहिलात तर तो पाहुणाच राहील, आणि सगळी एकदम त्याच्या अंगावर टाकलीत तर चिडेल. तुम्ही जे निर्णय एकटीने घेतलेत ते त्याने मोडू नयेत, आणि तुम्ही पण ते त्याला शांतपणे समजावून सांगायचे.

आणि महिना उलटून गेला तरी तो झोपेत ओरडत असेल, तेच तेच डोळ्यासमोर येतंय म्हणत असेल, बाहेर पडायचं टाळत असेल, दारू वाढली असेल, तर युनिटच्या डॉक्टरकडे घेऊन जा. तो नाही म्हणेल. आम्ही सगळे नाही म्हणतो, नाव खराब होईल, बढती अडेल ही भीती असते. तरी घेऊन जा. माझी बायको मला घेऊन गेली होती.

एकटा_बाबा:

ताई, तुमचं वाचून आम्ही पण काल फोनवर यादी केली. मुलीचा ताप तिने "लगेच" मध्ये टाकलाय.